टेबलावर चालतं, शेतात अडतं

आधी ते रडणं थांबव बघू. तुझा प्रोजेक्ट बंद पडलेला नाही, तो शेतात गेल्यावर बंद पडतो, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे गं. लातूरच्या खोलीत टेबलावर तुझा मोबाईल स्टार्टर शहाण्यासारखा वागतो. मिस कॉल दिला की रिले ओढतो, उलट एसएमएस पाठवतो, सगळं करतो. तोच निलंग्याला अप्पांच्या विहिरीवर पेटीत बसवला की मोटर कधी सुरू होते, कधी होत नाही, कधी सुरू होऊन दोन सेकंदांत सुटते. म्हणजे तुझं सी बहुतेक ठीक आहे. टेबलावर जे नव्हतं आणि विहिरीवर आहे, ते काय हे शोधायचं. तू अक्का म्हणतेस ना मला? मग आता अक्का सांगते तसं करायचं, मध्ये बोलायचं नाही.

तू म्हणे रात्री जागून अख्खा प्रोग्राम नव्याने लिहून काढलास. आता बघ, जुना बग आहे तिथेच आहे आणि वर नवे किती आले ते देवाला ठाऊक. घाबरलं की आपण असंच करतो, एका दमात पाच गोष्टी बदलतो. डिले वाढवला, पिन बदलली, लायब्ररी नवी टाकली, क्रिस्टलही बदलला, आणि समजा चाललं, तर कशामुळे चाललं? सांगता येत नाही. परवा पुन्हा बंद पडलं की तू परत पहिल्या पायरीवर. एका वेळी एकच गोष्ट बदल, काय बदललं ते वहीत लिही, आणि फरक पडला नाही तर ती पूर्ववत करूनच पुढे जा. गिट शिकून घे, सुरुवातीला चार कमांड पुरतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’ आणि ‘आईशप्पथ फायनल’ अशा फायली नांदत होत्या, आणि बोर्डात त्यातली नेमकी कुठली आहे हे मलाच माहीत नसायचं. म्हणून प्रोग्राम सुरू होताच त्याचा आवृत्ती क्रमांक आणि कंपाइल केल्याची तारीख-वेळ सिरियलवर छापून घे. तारीख-वेळेसाठी सीमध्ये तयार मॅक्रो आहेत, ती तुला हाताने लिहायची गरज नाही.

कॉलेजात तू सी शिकलीस ते बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून. चांगलंच पुस्तक आहे. पण तिथलं सी कॉम्प्युटरवर चालतं, चुकलं की पडद्यावर काहीतरी दिसतं. तुझ्या एटीमेगा ३२८पीला पडदा नाही, रॅम मोजून २ केबी, आणि चुकलं तर तो गप्प बसतो. म्हणून पहिलं काम त्याला बोलतं करायचं. एक एलईडी फक्त ‘मी जिवंत आहे’ हे सांगायला राखून ठेव, मुख्य लूपमधून दर सेकंदाला तो उघडझाप करत राहू दे. तो थांबला तर प्रोग्राम अडकलाय. मधेच लय तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर रिसेट होतोय. अडकणं आणि रिसेट होणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि विहिरीवर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात.

आता रिसेट होत असेल तर का होतोय, हे अंदाजाने ठरवायचं नाही. चिपलाच विचारायचं. एव्हीआरमध्ये एमसीयूएसआर नावाचं रजिस्टर असतं, त्यात मागचं रिसेट कशाने झालं त्याची खूण असते: पॉवर नुकतीच आली, रिसेट पिन खाली ओढली गेली, व्होल्टेज घसरलं, की वॉचडॉगने उठवलं. ते मेनच्या अगदी सुरुवातीला वाच, छाप आणि मग पूस. एक मेख आहे बघ. आर्डुइनोचा बूटलोडर तुझा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच ती नोंद पुसून मोकळा होतो. मग तू वाचतेस तेव्हा शून्य दिसतं आणि वाटतं रजिस्टरच खोटं. बूटलोडर बाजूला ठेव, प्रोग्रामरने थेट चिपमध्ये कोड टाक, म्हणजे खरी नोंद हाती लागेल. लॅपटॉप शेतात न्यायचा नसेल तर रिसेटचं कारण ईईप्रॉममध्ये लिहून ठेव आणि घरी येऊन वाच. पण दर सेकंदाला काहीबाही लिहीत बसू नकोस हं. ईईप्रॉमच्या एका जागेवर साधारण १ लाख वेळा लिहिता येतं अशी हमी असते. दर सेकंदाला एकदा लिहिलंस तर ती हमी २८ तासांत संपते. काही बदललं तरच लिहायचं.

माझा कौल विचारशील तर व्होल्टेज घसरतंय. पैज लावते, हरलीस तर येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, आंबील तू करायची.

का ते सांगते. तुझं सिम८००एल मोड्यूल नेटवर्कशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. क्षणभर म्हणजे मिलिसेकंदाच्या निम्म्याहून थोडा जास्त वेळ, पण पुन्हा पुन्हा. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट हवेत. लातूरला खोलीत टॉवर जवळ आहे, तिथे मोड्यूल कमी ताकदीने बोलतं. शेतात टॉवर लांब, म्हणून ते पूर्ण जोर लावून ओरडतं, आणि तुझ्या बारीक जंपर वायरमधून तेवढा करंट येताना व्होल्टेज कोसळतं. तू मल्टिमीटर लावून बघितलंस आणि चार व्होल्ट दिसले, म्हणून तू निश्चिंत झालीस. अगं, मल्टिमीटर सरासरी दाखवतो. अर्ध्या मिलिसेकंदाची घसरण त्याला दिसणारच नाही. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, कुलपात आहे, माहितीय मला. लॅब असिस्टंटच्या मागे लाग, गोड बोल, रजिस्टरमध्ये सही कर, पण बघच. तोवर मोड्यूलच्या पायांना अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा चांगला कॅपॅसिटर लाव, आणि मोड्यूलची पॉवरची वायर जाड आणि आखूड ठेव. चिपच्या प्रत्येक पॉवर पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर हवाच, ज्याच्यावर १०४ लिहिलेलं असतं तो. ‘अक्का, त्याच्याशिवायही चालतं की’ असं म्हणू नकोस. टेबलावर चालतं. आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावताना पट्टी मायनसकडे, दोनदा बघ. माझा पहिला उलटा लागला होता, फट्ट करून टोपी उडाली, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली की दिवाळी लांब आहे अजून.

सिमचं एक विसरत होते. हे मोड्यूल फक्त टूजी आहे. जिओला टूजी नाही, त्यामुळे जिओचं सिम घालून प्रोग्राममध्ये दोष शोधत बसलीस तर आयुष्य जाईल. घरातलं दुसरं जुनं सिम घाल.

दुसरा संशयित म्हणजे स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर. तुझा छोटा रिले त्याच्या कॉइलला वीज देतो, आणि कॉइल सुटताना व्होल्टेजचा असा झटका मारते की जवळच्या सगळ्या वायरींना तो जाणवतो. रिलेच्या कॉइलवर तू १एन४००७ डायोड लावलास, शाब्बास. पण म्हणून कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरही डायोड लावायला जाऊ नकोस गं बाई! ती कॉइल एसी असते, डायोड अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट करेल आणि धूर निघेल. तिथे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एका ओळीत जोडून कॉइलला समांतर लावायचा. त्याला स्नबर म्हणतात. कॅपॅसिटर एसी मेन्सवर चालणारा, एक्स-टू लिहिलेलाच घ्यायचा, साधा नाही. आणि बोर्ड कॉन्टॅक्टरच्या उशाशी ठेवू नकोस, पेटीत जागा असेल तेवढा दूर सरकव.

एक परीक्षा सांगते, फुकटची. मोटरची वायर काढून ठेव, फक्त कॉन्टॅक्टर ओढू-सोडू दे. तरी रिसेट होतोय? मग कॉन्टॅक्टरची कॉइल जोडणीतून काढ, रिले नुसता टिकटिक करू दे. आता नाही होत? मग दोषी सापडला. तरीही होत असेल तर सिमचं मोड्यूल काढून ठेव आणि बटणाने रिले चालव. असं अर्धं-अर्धं कापत गेलीस की रात्रभर कोड वाचण्यापेक्षा लवकर पोचशील. सगळ्यात हुशार पोरीसुद्धा हेच करतात, फक्त सांगत नाहीत.

आता रागावून सांगते. थ्री फेजची पेटी उघडी असताना आणि लाइट चालू असताना आत हात घालायचा नाही. ४१५ व्होल्ट असतात तिथे. मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, टेस्टरने तिन्ही फेज तपासायचे, मगच पेचकस. शेतातली लाइट कधी दिवसा, कधी रात्री येते, आणि येताना सांगून येत नाही. तू एकटी जायचं नाही, अप्पा किंवा दादा सोबत हवेत. आणि तुझ्या बोर्डाचा सप्लाय बिनट्रान्सफॉर्मरचा, नुसता कॅपॅसिटर घालून मेन्सवरून काढलेला असेल, तर त्याला लॅपटॉपची यूएसबी केबल कधीच लावायची नाही. तुझा लॅपटॉप जाईल हा भाग वेगळा, तू जाशील. चांगल्या कंपनीचा आयसोलेटेड अडॅप्टर घे, आणि फेज आहे की नाही ते ऑप्टोकपलरमधून वाच. एवढं होत नसेल तर प्रोजेक्टचा विषय बदलू आपण, मला चालेल.

हं. आता तुझ्या कोडकडे येते, कारण तिथेही दोन-चार गोष्टी आहेत.

विहीर कोरडी पडली की मोटर बंद करून दहा मिनिटं थांबायचं, असं तू लिहिलंस. आकडा दिलास १० गुणिले ६० गुणिले १०००. गणित बरोबर, ६ लाख मिलिसेकंद. पण एव्हीआरवर साधा इंट १६ बिटांचा असतो, त्याची धाव ३२७६७ पर्यंतच. ६ लाख त्यात मावत नाहीत, वरचं सांडून जातं आणि उरतात १०१७६. म्हणजे तुझी दहा मिनिटं दहा सेकंदांत संपतात आणि कोरड्या विहिरीत मोटर पुन्हा पुन्हा सुरू होते. अप्पा म्हणत होते ना, ‘मोटर लईच तडफडालीय’? ते हेच. एका आकड्याला यूएल लाव म्हणजे गुणाकार मोठ्या पात्रात होईल. गंमत अशी की कंपाइलर हे तुला ओरडून सांगत होता. आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये वॉर्निंग मुळात बंद असतात, त्या ‘ऑल’ करून घे. पिवळ्या-लाल ओळींची भीती वाटते माहितीय, पण त्या तुझ्या बाजूच्या आहेत. इफमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकलं की तेही त्या सांगतात.

लूपमध्ये डिले घालून झोपून जाणं बंद कर. दहा मिनिटांच्या डिलेमध्ये अप्पांनी ‘बंद’चा मेसेज पाठवला तर वाचणार कोण? मिलिस घे, सुरुवातीची वेळ लिहून ठेव, आणि आत्ताच्या वेळेतून ती वजा करून बघत राहा. वजाबाकीच कर, ‘आत्ताची वेळ अमुकपेक्षा मोठी आहे का’ असं विचारू नकोस. कारण मिलिसचा आकडा साधारण ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. अनसाइन्ड लाँगमध्ये वजाबाकी केलीस तर त्या क्षणीही उत्तर बरोबर येतं. तुझा प्रोजेक्ट परीक्षेपुरता चालेल, पण अप्पांची मोटर वर्षानुवर्षं चालणार आहे. आणि हे फक्त आपल्यासारख्यांनाच होतं असं समजू नकोस. बोइंग ७८७ विमानाच्या जनरेटर कंट्रोलमध्ये असाच एक काउंटर होता. सलग २४८ दिवस पॉवर चालू राहिली तर तो भरून जनरेटर बंद पडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २०१५ मध्ये आदेश काढला की त्याआधी वीज बंद करून पुन्हा चालू करा.

इंटरप्टचं तू विचारलंस. पाण्याच्या मीटरच्या पल्सेस मोजायला तू इंटरप्ट लावलास आणि त्याच्यातच एसएमएस पाठवायला घेतलास! अगं, कुकरची शिट्टी झाली की उठून गॅस बारीक करायचा आणि परत येऊन पोळी लाटायची. गॅसपाशी उभं राहून भाजी निवडायला घ्यायची नसते. इंटरप्टमध्ये आकडा एकाने वाढव आणि बाहेर ये. मेसेज मुख्य लूपमधून पाठव. तो आकडा ज्या व्हेरिएबलमध्ये आहे त्याला व्होलाटाइल लिही, नाहीतर कंपाइलर म्हणतो ‘ही तर लूपमध्ये कुणी बदलतच नाही’ आणि जुनीच किंमत वापरत राहतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना चालतं, चालू केलं की बिघडतं, अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा व्होलाटाइल शोधते. शिवाय ८ बिटांची चिप १६ बिटांचा आकडा दोन हप्त्यांत वाचते, आणि मधल्या फटीत इंटरप्ट येऊ शकतो. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद कर, नक्कल घे, पुन्हा चालू कर.

टाकीतल्या फ्लोट स्विचची वायर केवढी लांब आहे? बांधावरून जातेय म्हणजे ती अँटेनाच झाली. चिपच्या आतलं पुल-अप २० ते ५० किलोओहमचं, फार नाजूक. बाहेरून ४.७ किलोओहमचं लाव, आणि कोडमध्ये स्विच सलग थोडा वेळ एकाच स्थितीत दिसला तरच विश्वास ठेव. पाण्याच्या लाटेने फ्लोट डुलतो, तिथे मिलिसेकंद कसले मोजतेस, चांगले पाच-दहा सेकंद थांब.

आता एक गोष्ट जी तुझ्या सरांनीही विचारली नसेल. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, हे तुला फार आवडलंय. पण महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगतं की ऑटोस्विच काढा. कारण लाइट आल्या आल्या एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, सुरू होताना प्रत्येक मोटर कितीतरी पट करंट ओढते, आणि डीपी जळतो. मग तो बदलून मिळेपर्यंत ऊस वाळतो आणि गावभर भांडणं. तेव्हा लाइट आल्यावर काही मिनिटं थांबून मग सुरू कर, आणि प्रत्येक पेटीचं थांबणं वेगळं असू दे. तू म्हणशील, रँड वापरते. वापर, पण बघ, सीमधलं रँड बीज न देता वापरलं तर प्रत्येक वेळी तीच आकड्यांची माळ देतं. काकांच्या आणि मामांच्या पेटीतही तोच कोड टाकलास तर तिघांच्या मोटरी थांबतील एकत्र आणि उठतील एकत्र. प्रत्येक पेटीला वेगळा क्रमांक दे, ईईप्रॉममध्ये ठेव, आणि तोच बीज म्हणून एसरँडला दे.

ही कल्पना आधीच कुणीतरी केलीय म्हणून हिरमुसलीस, ते ऐकून मला हसू आलं. हो, केलीय. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने मोबाईलवरून पंप चालवायचं यंत्र बनवलं, २००९ मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीसही मिळालं. मग? तिकडे रात्री-अपरात्री पंप चालू करायला शेतात जाणारा माणूस होता, इकडे अप्पा आहेत. साप, विंचू, अंधार आणि निसरडा बांध इथेही तेच. तुझ्या बाह्यपरीक्षकाने ‘यात नवीन काय’ विचारलं तर डीपीचं सांग. माझ्या मते ते तुझं सगळ्यात भक्कम उत्तर आहे.

एसएमएसचं बफर मोठं कर, आणि मोठं केल्यावरही लांबी मोजूनच त्यात भर. तू ४० अक्षरांची जागा ठेवलीस कारण अप्पा फक्त ‘चालू’ नाहीतर ‘बंद’ पाठवतात. पण कंपनीचा जाहिरातीचा मेसेज १६० अक्षरांचा असतो, आणि तो त्याच सिमवर येतो. एसटीआरसीपीवाय डोळे मिटून सगळं ओततं, शेजारची व्हेरिएबलं बुडवतं, आणि मग दुपारी दोनला कुणी न सांगता मोटर सुरू होते. घरातले म्हणतात भूतबाधा. मेसेज कुठल्या नंबरवरून आला तेही तपास, नाहीतर गावातली पोरं अप्पांच्या मोटरीशी खेळतील. छापायच्या लांबलचक ओळी रॅममध्ये ठेवू नकोस, एफ मॅक्रोने फ्लॅशमध्येच राहू दे. २ केबी बघता बघता संपतात, आणि संपले की स्टॅक गुपचूप तुझ्या डेटावर चढतो. आणि स्प्रिंटएफने दशांश छापायला गेलीस की प्रश्नचिन्ह येतं, त्याला घाबरू नकोस. एव्हीआरच्या लायब्ररीत ती सोय मुळात बंद असते. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, पूर्णांकात धर.

वॉचडॉग शेवटी लाव. सुरुवातीलाच लावला तर तो आजार झाकतो: प्रोग्राम अडकतो, वॉचडॉग उठवतो, तुला कळतच नाही. आधी सगळं त्याच्याशिवाय चालू दे. आणि तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगते, १९९७ च्या जुलैत मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांतच मधूनमधून रिसेट व्हायला लागलं होतं. कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसायचं, मधलं काम त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळायचं. मग यानच स्वतःला रिसेट करायचं. पृथ्वीवर त्याची हुबेहूब जोडी होती, तिच्यावर तोच दोष पुन्हा घडवून इंजिनिअरांनी कारण शोधलं आणि इथून दुरुस्ती पाठवली. तूही खोलीत शेत उभं कर. जुना कॉन्टॅक्टर मागून आण, लांब वायरीचं भेंडोळं आण, मोड्यूलची अँटेना काढून सिग्नल कमी कर, आणि तो दोष टेबलावर घडव. हवा तेव्हा घडवता आला की निम्मं काम झालं समज. प्रोटिअस किंवा वोकवीवर हे घडणार नाही, सिम्युलेटरमध्ये कॉन्टॅक्टर झटका मारत नाही.

खर्चाचं टेन्शन घेतलंस ना? आठ चॅनेलचा स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर घे, पल्सव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर चालतं, आणि चिप व मोड्यूल एकमेकांशी काय बोलतायत ते अक्षरशः दिसतं. टीएक्स-आरएक्स उलटं लागलंय की बॉड रेट जुळत नाही, हे एका नजरेत कळतं. कॉलेजच्या ८०५१ किटवर कचरा अक्षरं येतात म्हणालीस, तिथे क्रिस्टल बघ. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असेल तर ९६०० बॉड नेमका जमतो, कुणी १२ चा ठोकून ठेवला असेल तर साडेआठ टक्क्यांनी चुकतो आणि अक्षरं फुटतात. सुटे भाग लातूरला मिळाले नाहीत तर पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळतील, हैदराबादला कुणी जात असेल तर कोटीतून मागव. सीचे धडे पुन्हा बघायचे तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतही आहेत. आणि आईचा जुना मसाल्याचा डबा मागून घे, रेझिस्टर ठेवायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. नवा डबा घेशील तर मात्र मार खाशील.

येळवशीला सगळे पाहुणे शेतात जमणार, भज्जी-उंडे खाऊन झाल्यावर मामा म्हणणार ‘दाखव गं तुझी मशीन’, आणि तेव्हाच ते अडेल, ही भीती आहे ना तुझी? अडेलही कदाचित. अडलं तर एलईडीकडे बघायचं आणि शांतपणे सांगायचं, ‘व्होल्टेज घसरलं, म्हणून थांबलं.’ कारण सांगता येणारी पोर प्रोजेक्ट चालवून दाखवणाऱ्या चार पोरांना पुरून उरते. मुलाखतीतही मी हेच विचारते, काय बिघडलं होतं आणि कसं शोधलंस. सकाळी उपाशी पोटी मात्र शेतात जाऊ नकोस, चौकात निलंगा राईस खा आणि मग पेटी उघड. भुकेल्या डोक्याने लावलेली वायर पुन्हा काढावी लागते.

आणि एक काम या सगळ्याच्या आधी कर. तुझ्या बोर्डाला पूर्ण वगळून जुन्या हिरव्या-लाल बटणांनी मोटर चालवता येईल असा बायपास स्विच पेटीत बसव. जोडणीचा कागद झाकणाच्या आतून चिकटव. अप्पांना तो स्विच दोनदा वापरायला लाव. तुझी परीक्षा जूनपर्यंत थांबेल गं, हरभऱ्याचं पाणी थांबणार नाही.